शेर गेला, तोळा राहिला

घरांत लग्न ठरलें म्हणजे आजीच्या पेटींतील दागिने बाहेर निघतात. "ह्या पाटल्या पांच तोळ्यांच्या," असें आजी अभिमानानें सांगते. मग त्या पाटल्या सराफाच्या काट्यावर चढतात आणि आंकडा उमटतो तो ५८ ग्रॅमांचा. नात विचारांत पडते. तिच्या माहितीप्रमाणें पांच तोळे म्हणजे ५० ग्रॅम; मग हे वरचे आठ ग्रॅम आले कोठून? दुसऱ्या दिवशीं तिच्यासाठीं नवी माळ घेतात. तीही 'पांच तोळ्यांची'. पण ती मात्र काट्यावर बरोबर ५० ग्रॅम भरते. आतां विचारांत पडण्याची पाळी आजीची असते. तिला वाटतें, सराफानें आपल्याला फसविलें.

श्रोतेहो, येथें कोणीच कोणाला फसविलेलें नाहीं. आजीचा तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमांचा, नातीचा तोळा दहा ग्रॅमांचा. शब्द एक, वजनें दोन. ह्या दोन तोळ्यांच्या मधें आपल्या देशाच्या सुमारें सव्वाशें वर्षांचा इतिहास सांपडलेला आहे, आणि आज त्याचीच थोडी उकल करण्याचा माझा विचार आहे.

आपल्या रोजच्या व्यवहाराकडे एकदां नीट पाहा. साखर आपण किलोनें आणतों, दूध लिटरनें घेतों, प्रवासाचें अंतर किलोमीटरांत सांगतों. ह्यांत आपल्याला कांहींएक सायास पडत नाहींत. पण मुलाची उंची सांगतांना आपल्या तोंडीं फूट आणि इंच येतात. ताप सांगतांना आपण १०२ म्हणतों. तो फॅरनहाइटच्या मापानें. सोनें तोळ्यानें, जमीन एकर-गुंठ्यानें, वाळू ब्रासानें आणि राहतें घर चौरस फुटानें. एकाच माणसाच्या डोक्यांत अशीं दोन राज्यें शेजारीं शेजारीं नांदत आहेत. मापांचें राज्य पालटलें, तें अर्धेंच कां पालटलें? आणि जें अर्धें उरलें तें नेमकें हेंच कां उरलें?

ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं जुन्या बाजारांत जावें लागेल. त्या बाजारांत रुपया हें केवळ नाणें नव्हतें. तें वजनही होतें. कंपनी सरकारनें १८३३ सालीं बंगालमध्यें १८० ग्रेनांचा तोळा कायम केला, आणि १८३५ पासून त्याच वजनाचा चांदीचा रुपया सगळ्या मुलखांत चालूं लागला. पारड्यांत ८० रुपये टाकले कीं शेर झाला. शेराचें अर्धें तें अच्छेर, त्याचें अर्धें तो पावशेर, पावशेराचें अर्धें तें नवटाक आणि नवटाकाचें अर्धें ती छटाक. धान्याच्या मापांतही हाच क्रम होता. दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर. पुढें दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. रुपयाचे आणे सोळा, तेही असेच अर्ध्याअर्ध्यानें उतरणारे.

ही अर्ध्याची पद्धत अडाणीपणानें आलेली नव्हती. तागडीला अर्धें करणें फार सोपें जातें. जवळ एकही वजन नसलें, तरी धान्याची रास दोन्ही पारड्यांत सारखी वांटली म्हणजे तिचे दोन भाग बिनचूक होतात; पुन्हां वांटली कीं पाव. दहावा भाग मात्र ना पारड्याला करतां येतो, ना डोळ्याला. म्हणूनच शाळेंत मुलांना पाढ्यांच्या बरोबरीनें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी पाठ करावी लागे. ती घोकंपट्टी वाटत असली, तरी बाजारांतील व्यवहाराची तीच खरी तयारी होती.

दोष होता तो निराळ्याच ठिकाणीं. नांवें सगळीकडे सारखीं, पण त्या नांवांखालचीं वजनें गांवोगांव निराळीं. मुंबईचा जुना मण २८ रतलांचा, मद्रासचा २५ रतलांचा, आणि बंगालचा तर ८२ रतलांहूनही थोडा अधिक. कोठें बारा पायल्यांचा मण, तर कोठें सोळा पायल्यांचा. शिवाय मापाला शीग असे. शेर काठोकाठ भरावयाचा कीं त्यावर धान्याची रास चढवावयाची, हें मापणाऱ्याच्या हातावर अवलंबून राही. घेतांना शीग चढे आणि देतांना ती उतरे. ज्याला त्या पेठेची रीत ठाऊक, तो तरून जाई. परगांवचा शेतकरी आणि धान्यावर मजुरी घेणारा कामकरी मात्र बुडे. सर्वांना सारखें माप असावें ही मागणी विद्वानांच्या सोयीची वाटली, तरी तिची खरी निकड ह्या माणसांना होती.

ह्या गर्दींत इंग्रजी मापांची भर पडली. वार, फूट आणि इंच आले; रतलही रुळला. १८८९ च्या कायद्यानें लांबीसाठीं इंग्रजी वारच प्रमाण ठरविला. गिरण्यांचें कापड वारावर विकूं लागलें, आणि आमच्या लुगड्याला 'नऊवारी' हें नांव मिळालें तें ह्याच वारावरून. एकाच घरांत चहा रतलानें, तूप शेरानें, तांदूळ पायलीनें आणि कापड वारानें येई, आणि ह्या सर्वांचा मेळ गृहिणी मनांतल्या मनांत घाली.

आतां एक गोष्ट सांगतों. ती फारशी कोणाला ठाऊक नसते. किलोग्रॅम हिंदुस्थानांत १९५० नंतर प्रथम आला, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः त्याला कायद्याचें दार १८७१ सालींच उघडलें होतें. लॉर्ड मेयो हे तेव्हां व्हाइसरॉय होते. त्यांच्या सरकारनें वजनें आणि धारकता-मापें ह्यांविषयीं एक कायदा केला. त्यांत तत्त्व असें होतें कीं, शेर हें नांव लोकांच्या ओळखीचें आहे, तें तसेंच राहूं द्यावें. पण त्याचें वजन मात्र फ्रेंचांच्या किलोग्रॅमइतकें धरावें. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा. तो थोडा वाढवून हजार ग्रॅमांचा केला म्हणजे झालें! नांव जुनें, माप नवें. परंतु १८७२ च्या फेब्रुवारींत अंदमानांत लॉर्ड मेयो ह्यांचा खून झाला आणि तो कायदा पुस्तकांतच राहिला. बाजारांत तो कधीं उतरला नाहीं. पुढें १९३९ सालीं नवा कायदा झाला आणि १९४२ पासून तो अंमलांत आला, तेव्हां सरकार पुन्हां १८० ग्रेनांच्या तोळ्यावर आणि ८० तोळ्यांच्या शेरावर परतलें होतें.

जुन्या नांवांत नवें माप भरण्याची ही युक्ति मेयोंच्या सरकारच्या आधींच खुद्द फ्रान्सांत होऊन गेली होती. राज्यक्रांतीनंतर, १७९५ सालीं, तेथें मीटर, लिटर आणि ग्रॅम हीं नांवें कायद्यानें ठरलीं. जहागीरदारांच्या मनमानी मापांना तेथील प्रजा कंटाळलेली होती, आणि सर्वांस एक माप ही तिची जुनी मागणी होती. तरीही नवीं मापें लोकांच्या अंगवळणीं पडेनात. अखेर १८१२ सालीं नेपोलियननें माघार घेतली. किरकोळ व्यापारांत जुनीं नांवें चालूं द्यावीं असें त्यानें ठरविलें. मात्र 'लिव्र' ह्या जुन्या रतलाचें वजन नेमकें ५०० ग्रॅम धरलें. पुढें १८३७ च्या कायद्यानें हीही सवलत काढून घेतली, आणि १ जानेवारी १८४० पासून केवळ दशमान मापें उरलीं. म्हणजे ज्या देशानें हीं मापें जगाला दिलीं, त्यालाही तीं स्वतःच्या बाजारांत रुजविण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. आणि इतकें होऊनही ५०० ग्रॅमांना 'लिव्र' म्हणण्याची चाल तेथील मंडईंतून अजून गेलेली नाहीं.

आपल्याकडील पालट त्या मानानें पुष्कळच लवकर झाला. प्रथम नाणें बदललें. १९५५ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या डिसेंबरांत वजनमापांचा कायदा संमत झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक धंद्यांत आणि निवडक भागांत नवीं वजनें आलीं. कांहीं काळ जुनें आणि नवें दोन्ही चालत होतें. १९६२ च्या एप्रिलपासून मात्र नवीं वजनेंच तेवढीं कायदेशीर ठरलीं. ह्या वेळीं सरकारनें मेयोंचा मार्ग न धरतां नवीं नांवेंच घेतलीं, आणि तें शहाणपणाचें होतें. एकाच 'शेर' शब्दाचीं दोन वजनें बाजारांत असतीं, तर लबाडीला आयतेंच रान मिळालें असतें.

तरीसुद्धां संक्रमणाचीं तीं वर्षें सोपीं नव्हतीं. नाण्याचाच हिशेब पाहा. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचें नाणें कोठें आहे? म्हणून नियम असा होता कीं, अपूर्णांक अर्ध्याहून अधिक असेल तर पुरा पैसा धरावा. अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यावा. त्यामुळें तीन आण्यांचे झाले १९ नवे पैसे. तेथें गिऱ्हाईक पाव पैशाला बुडालें. सहा आण्यांचे झाले ३७. तेथें दुकानदार अर्ध्या पैशाला बुडाला. हें वरवर पाहतां फिटंफाट वाटतें. परंतु जुन्या एका पैशाचे होत दोन नवे पैसे. ज्यानें एका पैशाचें मीठ, एका पैशाची मिरची अशा चार वस्तु निरनिराळ्या वेळीं घेतल्या, त्यानें आठ नवे पैसे मोजले; ज्यानें त्याच चार वस्तु एकदम घेऊन आणा टाकला, त्याला सहाच पडले. थोडें थोडें घेणारा गरीब, एकदम घेणारा सुखवस्तु. हिशेबाचा नियम सर्वांना सारखा होता, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं.

वजनांत धोका वेगळा होता. किलो हा शेराहून सुमारें सात टक्क्यांनीं मोठा, म्हणजे जवळजवळ चौदावा हिस्सा अधिक. म्हणून शेराला चौदा आणे पडणारी वस्तु किलोला पंधरा आण्यांना मिळाली, तर तो व्यवहार चोख. दुकानदारानें पुरा रुपया मागितला, तर एक आणा त्याच्या गल्ल्यांत जास्त गेला. किलोचा भाव सांगून पारड्यांत शेर टाकला, तर ६७ ग्रॅमांची चोरी झाली. कापडांत मीटर हा वाराहून सव्वातीन इंचांहून थोडा अधिक. तेथें हा फरक आणखी मोठा होता. ही सगळी आकडेमोड ज्या गृहिणी दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून मनांत करीत, त्यांतील पुष्कळजणींना दशांश अपूर्णांक शाळेंत कधीं शिकविलेलेही नव्हते. तरी त्यांनीं तो हिशेब केला. कायदा दिल्लींत संमत झाला खरा. परंतु तो अंमलांत आणला तो ह्या बायकांनीं, रोजच्या भाजी-धान्याच्या खरेदींत.

माझ्या मतें ह्या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. जी वस्तु रोज विकत घ्यावी लागते, तिचें माप हाताला रोज शिकतां येतें. आज चूक झाली तर उद्यां सुधारतां येते. वर्षाकांठीं शेंकडों वेळां किलोची पिशवी उचलली, म्हणजे किलो हा शब्द न राहतां तें एक ओझें होतें, आणि ओझें हात विसरत नाहीं. पण सोनें आपण जन्मांत कितीदां घेतों? जमीन कितीदां घेतों? घर तर बहुधा एकदांच. तेथें हाताला शिकण्याची संधि नसते. तेथें जुन्या माणसांच्या तोंडचा आंकडाच आपण पुढें चालवितों. दुकानदाराच्या वजनांवर सरकारचा शिक्का मारतां येतो. लोकांच्या जिभेवर तो मारतां येत नाहीं.

शिवाय जिभेनेंही आपली एक निवड केलीच. जेथें अर्ध्याची जुनी पद्धत आणि शतमानाची नवी पद्धत ह्यांचा सांधा नेमका जुळला, तेथें जुना शब्द टिकला. चार आणे म्हणजे बरोबर २५ पैसे, आठ आणे ५०, बारा आणे ७५. म्हणून हे शब्द कितीतरी वर्षें चालले. एक आणा, तीन आणे, पांच आणे कोठेंच जुळले नाहींत, ते विरून गेले. चार आण्यांचें नाणें ३० जून २०११ रोजीं व्यवहारांतून कायमचें गेलें, तरी म्हणींतून तें गेलेलें नाहीं. वजनांतही तसेंच झालें. शेर गेला, पण भाजीवालीकडे आपण आजही 'पावशेर मिरच्या' मागतों आणि ती २५० ग्रॅम तोलून देते. पाव किलो, सव्वा लिटर, दीड मीटर, अडीच किलोमीटर! माप फ्रेंचांचें, पण त्याला पाव, सव्वा, दीड आणि अडीच हीं विशेषणें आमच्या पावकी-दीडकीनें जोडलीं. मेयोंच्या सरकारला कायद्यानें जें साधलें नाहीं, तें लोकांनीं न सांगतां केलें: नांव जुनें ठेवलें आणि त्यांत माप नवें भरलें.

मिरच्यांच्या बाबतींत ह्यानें कांहीं बिघडत नाहीं. पावशेर ह्या शब्दाचा अर्थ आज एकच उरला आहे. पण सोन्याच्या बाबतींत दोन्ही अर्थ अजून जिवंत आहेत, आणि तेथें एकेक ग्रॅम मोलाचा आहे. सोन्याचा भाव आतां दहा ग्रॅमांवर सांगतात, आणि त्या दहा ग्रॅमांनाच पुष्कळ घरांतून तोळा म्हणूं लागले आहेत. समजा, थोरल्या मुलीला जुन्या काळीं दहा तोळे घातले. ते झाले ११६ ग्रॅमांहून थोडे अधिक. धाकटीला 'तितकेंच' म्हणून आज दहा तोळे घातले. ते झाले १००. आईबापांच्या मनांत भेद नाहीं, तरी धाकटीच्या वांट्याला साडेसोळा ग्रॅम कमी आले. उद्यां दोघी बहिणींनीं तुलना केली, तर दोष शब्दाचा असूनही तो माणसांवर जाईल. स्त्रीधनाची जुनी यादी, वांटणीचा कागद, गहाणाची नोंद, ह्यांत 'तोळा' दिसला कीं तो कोणत्या काळचा, हें आधीं पाहावें.

जमिनीची गोष्टही अशीच आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात् १,०८९ चौरस फूट. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरांत असतें. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा १०१ मीटरांहून किंचित् मोठा; इतके ते जवळचे आहेत. म्हणून बोलण्यांत गुंठा आणि आर एकच धरले तर फारसें बिघडत नाहीं. पण जो गुंठा म्हणजे हजार फूट असें मानून चालेल, तो दर गुंठ्यामागें ८९ फुटांना मुकेल. घराच्या जाहिरातींत चौरस फूट असतात आणि करारनाम्यांत चौरस मीटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारें साडेशेचाळीस चौरस मीटर, हें एकदां कागदावर मांडून पाहिलें, तर पुढचा घोळ टळतो.

कोणी म्हणेल, मग हे जुने शब्द कायद्यानें मोडून कां काढूं नयेत? कायदा आहेच. २००९ चा वैधमापन कायदा २०११ पासून अंमलांत आहे आणि व्यापारांत प्रमाणित मापांखेरीज दुसरीं मापें वापरण्यास त्याची मनाई आहे. सराफाच्या पावतीवर म्हणूनच ग्रॅम असतात. पण घरांतलें बोलणें हा व्यापार नव्हे, आणि भाषेवर पोलिसांचा पहारा बसवावा असें मलाही वाटत नाहीं. नऊवारीला उद्यां कोणी 'सव्वाआठमीटरी' म्हणूं लागलें, तर तिला कोण नेसेल? शब्द राहूं द्यावेत. ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या व्यवहाराची खूण आहेत.

इतकेंच करावें कीं, जेथें देणें-घेणें असेल, वांटणी असेल, दस्तऐवज असेल, तेथें जुना शब्द कानानें ऐकावा, पण हिशेब नव्या मापानें करावा. आजीच्या पाटल्या काट्यावर चढतील त्या दिवशीं यादींत 'पांच तोळे' ह्या शब्दांपुढें '५८.३२ ग्रॅम' एवढे चार आंकडे लिहून ठेवावे. त्यानें आजीचा शब्द खोटा ठरत नाहीं. उलट, तिनें इतकीं वर्षें जपून ठेवलेले ते वरचे आठ ग्रॅम नातीच्या हिशेबांत प्रथमच जमा होतात.